मारुतीच्या गुडघ्याला पाणी

मी आता जे सांगणार आहे ते कुणी खरं मानणार नाही. मानलंच, तर मानणाऱ्यात काहीतरी खोट आहे असं मी समजेन. गूळ आटवायच्या काहिलीतून मी भर महापुरात एकतीस माणसं, दोन शेरडं आणि एक शिवणयंत्र माळाला लावलंय. मगरीला नाकावर फावड्याचा तडाखा खाऊन शिंकताना बघितलंय. आणि दगडाच्या मारुतीनं अख्ख्या गावाला फसवलेलं बघितलंय. यातली मगर सोडली तरी चालेल, मारुती सोडता येणार नाही.

हे सगळं यंदाच्या मे महिन्यात पुन्हा सांगावं लागलं ते सुप्रभा मगदूममुळं. तालुक्याहून आलेली पोरगी, पंचविशीची, गळ्यात ओळखपत्र, हातात जाड रजिस्टर. पूर यायच्या आधी घरानं काय करून ठेवावं हे ती नदीकाठच्या गावांना सांगत फिरते, आणि वरच्या अंगाच्या गावांत जाऊन पूरग्रस्तांना कोण आसरा देईल तेही लिहून घेते. आमच्या निंबळगावात दहा-बारा घरं बघून, प्रत्येक घरी कपाळाला हात लावून, ती माझ्या दारात आली. मागं पंधरा-वीस रिकामटेकडे.

दारातच थांबली.

"आजोबा, हे कुणी केलं?"

माझ्या चौकटीवर निळ्या रंगाची रेघ आहे. पाणी तिथं टेकलं की मी निघतो, कुणाला विचारत नाही. माळ्याला पक्की शिडी आहे. वर पत्र्याचे डबे, झाकणांच्या कडेनं मेण ओतलेलं. काड्यापेटी बाटलीत, बाटलीला बूच. खुंटीला वीस हात दोर, हाताहातावर गाठ मारलेला, म्हणजे ओल्या हातातून निसटत नाही. तेलाचे सहा रिकामे डबे तोंडं बंद करून एकत्र बांधलेले. आणि दाराच्या उजव्या अंगाला एक गाठोडं, आत मेणकापडात गुंडाळलेली कागदपत्रं, गूळ, फुटाणे, एक घोंगडं.

"मीच केलं," मी म्हटलं. "सरकारनं येऊन शिकून जावं."

ती शिडी चढून वर डोकावली. "शिधा दोन माणसांचा दिसतोय. घरात कोण कोण असतं?"

"मी."

"आणि?"

"आणि मीच. मी दोघांचं खातो."

लोक हसले. ती नाही हसली. खाली उतरून हात झटकत म्हणाली, "एवढं तुम्हाला शिकवलं कुणी?"

"बायकोनं."

"कुठं आहेत त्या?"

म्हादबा खोकला. म्हादबा माझ्या वयाचा, या गावात माझ्या वयाचे आता आम्ही दोघंच. "झालं," तो म्हणाला, "आता जेवणं हितंच मागवा. केरबा काहील काढतोय बाहीर."

"बसा, मॅडम," मी म्हटलं. "ही गोष्ट उभ्यानं ऐकायची नाही."

ती पायरीवर बसली.

पंचेचाळीस वर्षं झाली त्याला. मी सव्वीस वर्षांचा, रंगराव इंगळ्याच्या गुऱ्हाळावर गुळव्या. काहिलीत रस उकळायला लागला की बुडबुडा कसा फुटतो, त्याच्या आवाजावरून गूळ कधी उतरवायचा ते मला कळायचं. डोळे मिटूनसुद्धा कळायचं. पाच कोसांतले लोक मला गूळ बघायला बोलवत. तेवढं एक सोडलं तर मला फारसं काही कळत नव्हतं, पण ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

लग्नाला वर्ष उलटलेलं. बायको आडमाळची. नाव हौसा.

"आडमाळची?" सुप्रभानं मधेच विचारलं.

"आडमाळची. का?"

"काही नाही. सांगा."

आडमाळ म्हणजे तो समोरचा माळ चढून गेलं की पलीकडं. कुसळं आणि दगड. विहिरीला पाणी लागलं की गावभर गूळ वाटणारी माणसं. हौसा लग्न होऊन आली ती आषाढात, आणि नदी बघून घाटावरच बसली. मी शेजारी. म्हणाली, "अवो, एवढं पानी जातंय कुठं?"

"समुद्राला."

"आनि समुद्राला नको झालं तर?"

मी इतका हसलो की मला ठसका लागला. तिनं पाठीवर हात फिरवला. तो हात मला अजून आठवतो, कारण आदल्या दिवशीची हळद होती त्याला, आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर पाच बोटं उठली. तो सदरा मी कधी धुवायला दिला नाही. पुरात गेला. म्हणजे तोही गेला.

नदीकाठच्या माणसाला नदी दिसत नाही. रोज बघून बघून ती आपल्याला घरच्या म्हशीसारखी वाटते. हौसाला दिसायची. ती लोकांना विचारत सुटली, मागच्या पुराला पाणी कुठवर आलं होतं, त्याच्या मागच्याला कुठवर, किती वेळात चढलं, कुठल्या वाटेनं आलं. म्हातारी माणसं खूश व्हायची, दुसरं त्यांना कोण काय विचारत होतं! पाणी नदीकडून येत नाही, आधी मागच्या ओढ्यातून फुगून गावाच्या पाठीत शिरतं, हे मला सव्वीस वर्षं या गावात राहून माहीत नव्हतं. तिनं सांगितलं. मग दाराशी गाठोडं बांधून ठेवलं. दोराला गाठी मारल्या. माळ्यावर डबे चढवले.

गाठोड्याची तर गावात मजाच झाली. बाईचं गाठोडं दाराशी म्हणजे ती माहेरी निघाली. गुऱ्हाळावर रोज कुणीतरी विचारायचं, "केरबा, बायको गेली का न्हाई अजून?" मी म्हणायचो, "बैलगाडी मिळंना." एकदा मी घरीच हे बोललो. हौसा भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मी गाठोडं दोघांचं बांधलंय. बगा उघडून."

मी उघडून बघितलं नाही. कशाला बघायचं, वाटलं.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, मॅडम, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या गावाला तुमच्यासारखं भोंगा, मोबाईल, काही नव्हतं. आमचा मारुती होता. देऊळ नदीच्या बाजूला, उतारावर. पूर चढायला लागला की गावचे बाप्ये देवळाच्या ओसरीत जाऊन बसायचे. नेम ठरलेला: मारुतीच्या पायाला पाणी लागलं की गुरं हलवायची, गुडघ्याला लागलं की माणसं. माझ्या पणज्याच्या आधीपासून. गुडघ्याला पाणी लागायच्या आधी कुणी घर सोडलं तर तो भित्रा, आणि लागल्यावर नाही सोडलं तर तो मूर्ख. आणि हा नेम कधी चुकला नाही. गुडघ्याला लागल्यापासून पाणी घरात शिरेपर्यंत भाकरी भाजून बांधून घ्यायला वेळ मिळायचा.

"चांगला नेम होता की," सुप्रभा म्हणाली.

"होता ना. त्या वर्षी चैत्रात आम्ही देवळाचा जीर्णोद्धार केला."

 तिनं तोंडावर हात ठेवला. हुशार आहे पोरगी.

"नाही," ती म्हणाली.

"व्हय," म्हादबा म्हणाला.

रंगराव इंगळ्यानं पुढाकार घेतला. दर पावसाळ्यात देव भिजतो, देवाच्या पायाला घाण पाणी लागतं, बरं दिसत नाही. म्हणून घडीव दगडाचा नवा चौथरा बांधला, दोन हात उंच. आणि मारुतीला खांद्यावर घेऊन वर चढवला. खांदा देणाऱ्यांत मी होतो, म्हादबा होता. गुलाल, हलगी, जेवणावळ. मारुती वर गेला, त्याचा गुडघाही वर गेला. आणि अख्ख्या गावात हे एकाही बाप्याच्या डोक्यात आलं नाही.

श्रावणात तीन दिवस धार तुटली नाही. वर घाटमाथ्याला त्याहून जास्त. चौथ्या दिवशी दुपारी आम्ही ओसरीत बसलेलो. पाणी दोन पायऱ्यांवर आलेलं. रंगराव तंबाखू मळत म्हणाला, "अजून पायालासुदिक लागलं न्हाई. यंदाचा पूर नुसता बोंबलतोय."

तेवढ्यात हौसा आली. डोक्यावर पोतं, घोट्याच्या वर पाण्यात. बायका ओसरीच्या बाप्यांत येत नसत. ती आली, आणि सरळ माझ्याशी बोलली.

"अवो, निघायला पायजे."

"का?"

"गेल्या साली मारुतीच्या पायाला पानी लागलं तवा आपल्या गोठ्याच्या तिसऱ्या दाव्याला पानी हुतं. मी बगितलं हुतं. आज पानी सगळी दावी बुडवून चुलीच्या पायरीला आलंय, आनि मारुती कोरडा हाय."

"मग?"

"मग मारुती वर गेलाय. पानी खाली न्हाई ऱ्हायलं."

एवढं सोपं. पण सगळे माझ्याकडं बघत होते. मला त्या वेळी कुणी बघायला लागलं की काहीतरी बोलावंसंच वाटायचं, अजून वाटतं. मी म्हटलं, "मारुतीला कशाला मधी घालतीस? गाठोडं बांधून बारा म्हैनं झालं, आता तरी जा बाई माहेरी."

ओसरी दणाणली. रंगरावाच्या हातातली तंबाखू सांडली.

 हौसानं माझ्याकडं बघितलं, रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. एखाद्या परक्या गावात वाट चुकल्यावर माणूस आजूबाजूच्या घरांकडं बघतं ना, कुठलंच ओळखीचं नसतं, तसं बघितलं. मग पदर खोचला आणि गेली.

एवढं बोलून मी तांब्या उचलला. पाणी प्यायलो. सुप्रभानं रजिस्टर मिटून मांडीवर ठेवलं होतं.

"आणि तुम्ही?" तिनं विचारलं.

मी? मी उठलो. गेलो की मागोमाग. कुणी काही म्हणो.

गुऱ्हाळात गाठली तिला. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद, काहील भिंतीला टेकून उभी केलेली असते. पाच हात रुंद, लोखंडी, उचलायला चार गडी लागतात. हौसानं तिच्या कानाला दोर बांधला होता, तोच गाठीचा दोर. आत पाणी गुडघाभर. दोघांनी ओढली. काहील धप्पकन पाण्यावर पडली आणि तरंगायला लागली, जशी काही जन्मभर तिला गुळाचा कंटाळाच आला होता.

रस ढवळायची लांब दांड्याची फावडी होती, ती वल्ही केली. पण काहील गोल. एका बाजूनं वल्हवलं की पुढं जात नाही, भोवऱ्यासारखी फिरते. पहिल्या पाच मिनिटांत मी गावाला चार प्रदक्षिणा घातल्या आणि जागचा हललो नाही. शेवटी हौसा समोरच्या कडेला बसली, मी या कडेला. ती म्हणायची, "हं," की दोघांनी एकदम ओढायचं. "हं. हं." बास. वर्षभराच्या संसारात आम्ही एका तालात काही केलं असेल तर ते तेवढंच.

तिच्या कपाळावरचं कुंकू ओघळून नाकाच्या शेंड्यावर आलं होतं. हातातल्या बांगड्या काहिलीच्या कडेला वाजायच्या. मला आठवतंय की मला भीती वाटत नव्हती. मला वाटत होतं पूर असाच राहावा, दोन दिवस, चार दिवस. आता हे कुणाला सांगितलं तर शेण घालतील तोंडात.

पहिल्यांदा तानूआत्तीला काढली. शेजारची, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. ती म्हणाली, "शेरडं घेतल्याबिगर यायची न्हाई." शेरडं घेतली. मग सुताराची तीन पोरं. मग शिवणयंत्र, कारण सुतारीण म्हणाली, पोरं परत होतील, यंत्र कुठलं आणू. माळाच्या उताराला लावलं, परत. दुसरी खेप, तिसरी. बुडालेल्या उसाचे शेंडे काहिलीच्या बुडाला घासायचे, आणि आत बसलेल्या बायका दर वेळी "गं बया" म्हणायच्या.

चौथ्या खेपेला मगर आली.

"आजोबा," सुप्रभा म्हणाली.

"आमच्या नदीला मगरी आहेत. सरकारी कागदात आहे."

"आहेत. पुढं?"

"काहिलीला पाठ लावून खाजवायला लागली. हौसानं नाकावर फावडं हाणलं. मगर शिंकली."

"किती मोठी होती?"

"बारा हात."

"आजोबा."

"आठ."

तिनं नाही अशी मान हलवली.

"बरं, ओंडका होता," मी म्हटलं. "पण त्याला डोळे होते. आणि शिंक मी ऐकली."

"शिंक तानूआत्तीची हुती," म्हादबा म्हणाला. सगळे हसले, या वेळी सुप्रभासुद्धा. मग तिनं विचारलं, "म्हादबाआजोबा, तुम्ही तेव्हा कुठं होता?"

"मी हुतो," म्हादबा म्हणाला. "शेवटच्या खेपेला काहिलीत हुतो." आणि खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

शेवटची खेप. तेच सांगतो.

सहा खेपा झाल्या होत्या. बायका, पोरं, म्हातारी सगळी माळावर. उरले ते ओसरीतले बाप्ये. संध्याकाळचा उजेड अजून होता. आम्ही देवळाकडं वळवली तेव्हा मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं होतं. नेमानं बरोबर. फक्त तोवर गावातली घरं छातीभर पाण्यात बुडाली होती, आणि गावचे सहा शहाणे देवळाच्या छपरावर, कळसाला धरून बसले होते. माकडं बसतात तसे.

हौसानं काहील छपराच्या कडेला लावली. एकेकाला म्हणाली, "या." कुणी हलेना. जीव जायची वेळ आलेली, आणि सहा बाप्ये एकमेकांच्या तोंडाकडं बघतायत. दुपारी ज्या बाईला हसलो, तिनं आणलेल्या काहिलीत आधी पाय कुणी टाकायचा? रंगराव म्हणाला, "बाईमानसाच्या हाताखाली बसून मी न्हाई जानार. होडी येऊ दे." मी तुम्हाला सांगतो, मॅडम, पाण्यानं माणसं कमी मरतात. अशा गोष्टीनं जास्त मरतात. तुमच्या रजिस्टरात याला रकाना आहे का?

"नाही," सुप्रभा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

"घाला. मोठा घाला."

शेवटी छपराची एक कड खचली आणि लाज संपली. एकेक करून उतरले. म्हादबा, रंगराव, सगळे. काहील काठोकाठ भरली. बोटभर कड पाण्याबाहेर. आणखी एक माणूस हललं असतं तरी सगळी गेली असती. तेव्हा हौसा उठली. छपरावर पाय ठेवला आणि वर चढली, कळसापाशी. मी ओरडलो, "हौसे, काय करतीस?"

तिनं कळसाला हात घातला. पावसात तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. म्हणाली, "तुमी व्हा फुडं. मी येते मागनं."

मी फुडं झालो. "हं" म्हणायला समोर कुणी नव्हतं, रंगराव वल्हवत होता आणि त्याला ताल नव्हता. काहील फिरत फिरत गेली. दर फेऱ्याला मला एकदा माळ दिसायचा, एकदा देऊळ. माळ, देऊळ. कळसाशी ती होती. पुढच्या फेऱ्याला होती. त्याच्या पुढच्या फेऱ्याला नुसता कळस होता.

माणसं माळाला लावून परत आलो तेव्हा कळसही नव्हता.

पाणी सहा दिवसांनी उतरलं. मी घरात शिरलो. मांडीभर चिखल. चूल, उतरंड, तिचा आरसा, सगळं एका कोपऱ्यात ढीग होऊन पडलेलं. माळ्यावरचे डबे जागच्या जागी, आतली ज्वारी कोरडी. काड्यापेटी बाटलीत. मी काडी ओढली, पेटली. तेव्हा रडलो. दारातलं गाठोडं मात्र मिळालं नाही. मी ते खूप शोधलं, खालच्या तीन गावांपर्यंत. मला बघायचं होतं, आत काय काय बांधलं होतं तिनं, दोघांचं.

मग हे एकेक करत गेलो. रेघ मारली. मेण ओतलं. दोर आणला, तिच्यासारख्या गाठी मारायला शिकलो, तीन वर्षं लागली. आता पाणी चढायला लागलं की गाव मारुतीकडं बघत नाही, माझ्या दारातल्या रेघेकडं बघतं. माझी भाकरी अजून वाकडी होते. आणि महिन्यातून एकदा मी माळ चढून जातो, वर एक चिंच आहे, तिच्याखाली बसतो. दिवस कलला की परत येतो. तिथनं नदी सगळी दिसते म्हणून जातो, असं मी लोकांना सांगतो.

माझी गोष्ट संपली की एरवी एखादी बाई डोळे पुसते. मग कुणीतरी मगरीचं काढतं, हसतात, आणि मी चहा ठेवतो. त्या दिवशीही एका पोरीनं डोळे पुसले. मी चहाचं आधण ठेवायला उठलो.

सुप्रभा उठली नाही.

"आजोबा, बसा," ती म्हणाली.

"चहा ठेवतो की."

"बसा जरा."

मी बसलो. तिनं रजिस्टर उघडलं. पानं उलटत गेली, एका पानावर थांबली, पण वाचलं नाही. माझ्याकडं बघूनच बोलली, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मागच्या मंगळवारी मी आडमाळला होते. आसरा देणारी घरं लिहून घेत होते. गावाच्या या टोकाचं घर, चिंचेपासून पन्नास पावलांवर. एक आजी आहेत. एकट्या राहतात. दार उघडलं आणि मी तिथंही अशीच थांबले. दोर, डबे, मेण, सगळं हेच. मी म्हटलं, आजी, तुम्ही माळावर राहता, तुमच्याकडं कधी पूर येणार? तर हसल्या. मला बसवून घेतलं आणि गोष्ट सांगितली. मारुतीची, चौथऱ्याची, काहिलीची."

म्हादबानं मान खाली घातली. बाकीचे एकदा तिच्याकडं बघत होते, एकदा माझ्याकडं.

"नाव?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार.

"तुम्हाला माहीत आहे नाव."

"पोरी, हौसा नावाच्या बायका पुष्कळ असतात."

"त्यांच्या गोष्टीत मगर नव्हती," ती म्हणाली. "मगर मी सोडून दिली असती. पण त्यांच्या गोष्टीत समोरच्या कडेला तुम्ही नव्हता. तानूआत्ती होती. आंधळी बाई वल्हवत होती, आणि त्या 'हं' म्हणत होत्या. तुम्ही ओसरीतून उठलाच नाही. देवळाच्या छपरावर जे सहा होते, त्यातले सहावे तुम्ही होता. बाकीचे पाच उतरले. काहील भरली नव्हती, आजोबा. तुमच्यापुरती जागा होती, त्यांनी स्वतःच्या शेजारी राखून ठेवली होती. तुम्हाला दुसरी होडी येऊन घेऊन गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या माळावर बसून बघत होत्या."

चुलीवर मी काही ठेवलंच नव्हतं, तरी मला कशाचा तरी उकळण्याचा आवाज येत होता.

"मी खोटं बोललो," मी म्हणणार होतो. शप्पथ. पण तिनं मला बोलू दिलं नाही.

"'तुम्ही पुढं व्हा, मी येते मागनं,' हे त्या म्हणाल्याच नाहीत," सुप्रभा म्हणाली. "कळसाला धरून तुम्ही म्हणालात, 'तू हो पुढं, मी येतो मागनं.' पंचेचाळीस वर्षांपूर्वी. आणि आजोबा, त्या अजून लोकांना हेच सांगतात, मालक मागनं येतायत म्हणून."